पत्रा टिकतो, रबर मरतं

दिवाळी जवळ आली की लातूर-नांदेडकडच्या घरांत एक काम हमखास निघतं. पुण्या-हैदराबादहून पोरं गावी येतात, शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री ओढतात, शेजाऱ्याच्या बॅटरीला वायर लावतात आणि चावी फिरवतात. चार-दोनदा खाकरून इंजिन पेटतं. घर गोळा होतं, कुणी हळद-कुंकू आणतं, नारळ फुटतो, आणि त्याच संध्याकाळी गाडी लेकराबाळांसकट रस्त्यावर येते. याला आपल्याकडे ‘गाडी चालू केली’ म्हणतात.

माझं सांगणं असं आहे की, वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत इंजिन हा सगळ्यात कमी धोक्याचा भाग असतो. इंजिनानं दगा दिला तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील, फार तर दोरी बांधून ओढत आणावी लागेल. ब्रेकनं दगा दिला तर ती उभीच राहणार नाही. म्हणून जुनी गाडी उठवायची असेल तर पहिला पाना ब्रेकला लागला पाहिजे. ब्रेकची खात्री होईपर्यंत गाडी शेडबाहेर निघता कामा नये. आपल्या दोन जिल्ह्यांत तर हा नियम आणखी कडक पाळायला हवा, आणि त्याला कारण इथली हवा आहे.

मी नांदेडला राहतो. नोकरीची सगळी वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात गेली. मुंबई-कोकणातून आलेल्या गाड्याही हाताखालून गेल्या आणि इथल्याही. तिकडच्या खाऱ्या, दमट हवेत आधी पत्रा जातो. दाराची खालची कड, पायाखालचा तळ, डिक्कीचा कोपरा कुजायला लागतो. ते मालकाला दिसतं आणि तो सावध होतो. मराठवाड्यात उलटं घडतं. वर्षातले बरेच महिने हवा कोरडी, पाऊस बेताचा, उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर. आडोशाला ठेवलेली गाडी दहा वर्षांनी धुतली तरी रंग उजळतो, दारं खणखणीत लागतात, पत्र्यावर बोट वाजवलं तर आवाज भरीव येतो. बघणारा म्हणतो, गाडी अजून टकाटक आहे. पण जी कोरडी हवा पत्र्याला सांभाळते, तीच रबराला मारते. उष्णतेनं रबर कडक होतं, चिरतं, आणि गाडी हलतच नसल्यानं त्याला तेलाचा स्पर्शही राहत नाही. गाडीत रबर कुठं कुठं असतं ते आठवून पाहा: ब्रेकच्या सिलिंडरमधले कप, ब्रेकचे होज, पेट्रोलचा पाइप, रेडिएटरचे पाइप, पंखा फिरवणारा पट्टा आणि चारही टायर. गाडी थांबवणारं आणि रस्त्याला धरून ठेवणारं जवळजवळ सगळं रबरावर अवलंबून आहे. टिकलेला पत्रा बघून आपण मेलेल्या रबरावर माणसं बसवतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लातूरला माझ्या ताईच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. भाऊजींची मार्केट यार्डात आडत होती. हंगाम चांगला गेला त्या साली त्यांनी ही गाडी घेतली. तिचा सगळ्यांनाच अभिमान होता, आणि त्याला कारणही होतं. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि मग पद्मिनी निघाली. आपल्या जवळच्या जिल्ह्यातल्या माणसानं काढलेल्या कारखान्याची गाडी आपल्या दारात, ही भावना त्या पिढीत खरी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा भाऊजी याच गाडीत पाण्याचे कॅन आणि भाकरी भरून औशाच्या रस्त्यानं गेले होते. येताना जखमी माणसं घेऊन आले. ताई त्या गाडीला ‘भंगार’ म्हणू देत नाही, ते उगीच नाही.

भाऊजी गेल्यावर गाडी उभी राहिली ती राहिलीच. शेडमध्ये तिच्या शेजारी सोयाबीनचे कट्टे लागले, पुढं काही बॉनेटवरही आले. गेल्या वर्षी भाचा पुण्याहून आला आणि म्हणाला, “मामा, आईला याच गाडीतून तुळजापूरला न्यायचं. बॅटरी नवी घेतलीय. तुम्ही फक्त स्टार्ट करून द्या.” मी त्याला बॅटरी घरात ठेवायला सांगितली आणि औसा रोडला गॅरेज चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. येताना जॅक, घोड्या आणि ब्रेकचे पाने आण, बाकी काही आणू नकोस, एवढंच त्याला सांगितलं.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पायानं दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळ्यांतून चाकापर्यंत जातं. तिथल्या छोट्या सिलिंडरमधले रबरी कप दोन्ही बाजूंना सरकतात, ब्रेकशू ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. आम्ही मागचं डावं चाक काढलं. ड्रम निघेना, कारण गाडी हँडब्रेक ओढून उभी केली होती आणि शू ड्रमला चिकटून बसले होते. ड्रमवर लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून सारखे ठोके देत देत तो काढला. आत व्हील सिलिंडरचं धुळीचं कव्हर बोटानं चुरलं गेलं. आतला कप खारकेसारखा कडक झाला होता, त्याची धार एका बाजूनं तुटलेली होती, आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे होते. बाहेरून पाहिलं तर त्या चाकावर तेलाचा एक थेंबही ओघळलेला नव्हता. भाचा म्हणाला, “पण मामा, पॅडल तर कडक लागत होतं.” लागणारच. एकदा, दोनदा लागेल. रस्त्यावर म्हैस आडवी आली आणि त्यानं जिवाच्या आकांतानं पाय दाबला, तर तिसऱ्यांदा ते पॅडल तळाला जाईल.

हे कसं घडतं ते प्रत्येक गाडीमालकानं समजून घ्यावं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. डॉट ३ जातीचं नवं तेल २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, तेलातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे तुमच्या पायाचा जोर वाफ दाबण्यात जातो, चाकापर्यंत पोहोचत नाही. तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. मास्टर सिलिंडरचा तर आणखी एक धोका आहे. रोजच्या वापरात त्याचा पिस्टन ठरावीक अंतरच सरकतो, त्यामुळे तेवढाच भाग गुळगुळीत राहतो. त्यापुढच्या भागात गंज धरतो. घाईच्या वेळी पॅडल खोल गेलं की कप त्या खरखरीत भागावर जातो आणि फाटतो. बरेच जण जुन्या मास्टर सिलिंडरवरच पॅडल तळापर्यंत मारून मारून हवा काढतात आणि धडका कप स्वतःच्याच पायानं फाडतात. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असे. एका चाकाचा कप गेला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

म्हणून आम्ही अर्धवट काही ठेवलं नाही. मास्टर सिलिंडर बदलला, चारही चाकांचे सिलिंडर आणि किट नव्या टाकल्या, रबरी होज सगळे काढले. जुना होज बाहेरून बरा दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो. मग तेल चाकाकडे जातं पण परत येत नाही, ब्रेक धरून राहतो आणि चाक तापतं. लोखंडी नळ्या पुसून, बोट फिरवून पाहिल्या. ड्रम घासून घेतले, शूला नवे लायनर मारले, हँडब्रेकची केबल सोडवली. तेल भरून लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. मग भाच्याला सीटवर बसवलं आणि पॅडल जोरात दाबून तसंच धरून ठेवायला सांगितलं. पाय हळूहळू खाली चालला तर कुठंतरी गळती आहे असं समजायचं. पाय हलला नाही. या सगळ्या कामात ताईच्या घरातल्या कुणालाही इंजिनाचा आवाज आला नव्हता, आणि तसंच व्हायला हवं.

ब्रेकनंतर टायर. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात. ‘३४०९’ असेल तर तो २००९ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, हे आपल्याकडच्या उन्हात धरून चालता येत नाही. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसल्या, किंवा वर्षानुवर्षं एकाच जागी भार पडून तळ चपटा झाला असेल, तर तो टायर ट्यूबसकट जाऊ द्यावा. स्टेपनीही तपासावी. डिक्कीत पडून राहिलेली स्टेपनी बहुधा कंपनीतून आलेली, म्हणजे सगळ्यात जुनी असते.

मग पेट्रोल. उभ्या टाकीतल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागं चिकट, वार्निशच्या वासाचा गाळ राहतो. तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. टाकी खाली उतरवून धुणं, पंपाचा डायफ्रम बदलणं, कार्बोरेटर पूर्ण उघडून साफ करणं आणि पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप नवा टाकणं, याला पर्याय नाही. चिरलेल्या पाइपमधून तापलेल्या इंजिनावर थेंब पडले तर गाडी पेटते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. मांजराकाठच्या उसाला त्यातून भाव मिळत असेल तर मला आनंद आहे, आमच्या नातेवाइकांचाही ऊस त्याच पट्ट्यात आहे. पण जुन्या मालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतात. शिवाय त्या काळचं रबर अशा मिश्रणासाठी केलेलंच नव्हतं. म्हणून पाइप नव्या पेट्रोलला चालणारे घ्यावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये.

इंजिनाची पाळी यानंतर आली. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि दोन रात्री तसंच राहू दिलं, कारण पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरलेल्या असू शकतात. सेल्फ मारून त्या सोडवायला गेलं की रिंगा तरी मोडतात, नाहीतर सेल्फ तरी जळतो. क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवलं. १०८९ सीसीचं ते इंजिन सुरुवातीला अडलं, मग मोकळं झालं. जुनं ऑइल काढून नवं भरलं. प्लग बाहेरच ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फवर फिरवलं, म्हणजे पेटण्याआधी बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचलं.

रेडिएटर उघडला तेव्हा लातूरचं पाणी दिसलं. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, क्षारांचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या शहरात गाडीला चांगलं पाणी कोण घालणार? वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं होतं. नळ्यांत पांढरा थर इतका जाड बसला होता की पाणी वाहायला जागाच नव्हती. रेडिएटर उतरवून, वरची-खालची टाकी खोलून, नळ्यांतून सळई फिरवून साफ केला. पाइप आणि पट्टा नवा घातला, आणि शुद्ध केलेलं पाणी व कूलंट भरलं. वायरिंगची गत सोयाबीनच्या कट्ट्यांनी केली होती. धान्याला उंदीर आले, आणि उंदरांनी डॅशबोर्डमागच्या वायरी सोलल्या. सोललेल्या वायरीवर चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे आगीला जागा ठेवणं. तेवढा पूर्ण तुकडा बदलावा.

इंजिन पेटलं तेव्हा ताई पदर सावरत बाहेर आली. तिनं बॉनेटवर हात ठेवला. बोलली काहीच नाही. तरीही आम्ही त्या दिवशी तिला गाडीत बसवलं नाही. आधी गल्लीत, मग रिंग रोडवर सकाळी लवकर, मग आष्टामोडपर्यंत. दर थोड्या अंतरावर उतरून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहायचं. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं तर तिथला ब्रेक धरतोय असं समजायचं. आष्टामोडच्या अलीकडे गाडी झटके खात बंद पडली. थोडा वेळ थांबलं की सुरू व्हायची, पुन्हा काही अंतरावर बंद. भाच्याला वाटलं, इंजिन गेलं. माझ्या विद्यार्थ्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि आत हवा शिरल्याचा आवाज झाला. टाकीला हवा घेण्याची जी बारीक नळी असते, तिच्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. पेट्रोल खाली जात होतं, वरून हवा येत नव्हती, त्यामुळे टाकीत निर्वात होऊन पंपाला पेट्रोल ओढता येईना. तार घालून माती काढली आणि गाडी पळाली. असा आजार कोणत्याही मशीनवर दिसत नाही. तो ओळखायला कान आणि हात लागतात.

त्यानंतर गाडी चाकूर, अहमदपूर, लोहा या रस्त्यानं नांदेडला आणली. परीक्षेसाठी हा रस्ता मुद्दाम निवडला. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर आहे, नांदेड सुमारे ३६० वर. बालाघाटाचं पठार सोडून गोदावरीच्या खोऱ्यात उतरायचं म्हणजे एकूण रस्ता उताराचाच. विष्णुपुरीला पोहोचलो तेव्हा पॅडल जिथं लातूरला लागत होतं तिथंच लागत होतं. परत लातूरला गेल्यावरच मी ताईला म्हटलं, “आता तुळजापूरला जा.”

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोडीत काढा. मी सरसकट तसं म्हणणार नाही, आणि सरसकट ठेवाही म्हणणार नाही. दोन गाड्या मला नेहमी आठवतात. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्याचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट १९१२ मध्ये तयार झाली. ती यायच्या आधीच, १९११ मध्ये निजाम वारले. ती पिवळी गाडी पुढच्या साडेतीन दशकांत जेमतेम साडेतीनशे मैल चालली, मग कित्येक वर्षं पडून राहिली. आज ती दुरुस्त होऊन हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. दुसरी, देशातली पहिली मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना तिची चावी मिळाली. २०१० मध्ये ते वारल्यावर ती त्यांच्या घराबाहेर गंजत राहिली. पुढं कंपनीनं ती नीट करून आपल्या मुख्यालयात ठेवली. दोन्ही वाचल्या याचा आनंदच आहे. पण त्या बघायच्या गाड्या आहेत, त्यांच्यावर कुणी लेकरं घेऊन घाट उतरणार नाही. आपल्या शेडमधल्या पद्मिनीला, ॲम्बेसेडरला, मारुतीला चारचौघांच्या रस्त्यावर धावायचं आहे. म्हणून तिची कसोटी संग्रहालयातल्या गाडीपेक्षा कडक हवी.

ही कसोटी लागत नाही, याचं कारण माझ्या मते मेकॅनिकचं अज्ञान नाही. चांगल्या मेकॅनिकला सगळं कळतं. पण गिऱ्हाईक पैसे इंजिनाच्या आवाजाचे देतं. ब्रेकच्या कामाला दोन दिवस लागतात, हात काळे होतात, आणि शेवटी दाखवायला काही नसतं. गाडी पूर्वीसारखीच दिसते. “एवढ्याचे एवढे?” म्हणून मजुरीत घासाघीस होते. मग गॅरेजवाला गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं ते आधी करतो. हा दोष आपला आहे, आणि तो आपणच बदलू शकतो.

सरकारकडंही दोन मागण्या आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. केंद्रानं १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये केलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० वर नेलं. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहे. जुन्या गाड्या कमी व्हाव्यात हा हेतू मला समजतो. पण शुल्क वाढवून गरीब मालकाची गाडी बंद होते, धोक्याची गाडी बंद होतेच असं नाही. पैसे भरू शकणारा मेलेल्या रबरावरही कागद मिळवेल. नूतनीकरणाच्या वेळी चॅसी नंबर, दिवे, पीयूसी पाहतात, त्याच्या जोडीला प्रत्येक जुन्या गाडीचे ब्रेक रोलरच्या यंत्रावर तपासले जावेत. या यंत्रावर प्रत्येक चाकाचा जोर आणि डाव्या-उजव्यातला फरक आकड्यांत कळतो. ते आकडे छापून मालकाच्या हातात द्यावेत. दहा हजार रुपये घेणाऱ्या व्यवस्थेकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

दुसरी मागणी आयटीआयसाठी. मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात आज स्कॅनर, सेन्सर, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, त्या यायलाच हव्यात. पण ड्रम ब्रेक संपलेला नाही. आजही कित्येक नव्या छोट्या मोटारींच्या मागच्या चाकांना ड्रमच असतात. मुलांना सिलिंडर उघडून, कप हातात घेऊन, गंज बोटाला लावून शिकू द्यावं. त्यासाठी जिल्ह्यातल्या जुन्या मेकॅनिकांना मानधन देऊन वर्कशॉपमध्ये बोलवावं. ही माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. राज्यभरातली पोरं डॉक्टर व्हायला लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना येतात, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच दोन शहरांत मोटार नीट थांबवणारे हातही घडावेत आणि त्यांनाही तेवढाच मान मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

राहिला घरच्यांचा निर्णय. गाडी बापाच्या नावावर असेल आणि बाप हयात नसेल, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. कायद्यानं तीन महिन्यांत नमुना ३१ भरायचा असतो. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. मग गाडी जॅकवर चढवून तळ बघा. चॅसी किंवा स्प्रिंग धरणारी जागा कुजली असेल, किंवा ब्रेकचे भाग मिळतच नसतील, तर तिला नोंदणीकृत केंद्रात रीतसर मोडीत द्या. त्यात बापाचा अपमान नाही. तळ शाबूत असेल तर नीट खर्च करून उठवा, आणि उठवल्यावर दर पंधरवड्याला थोडं लांब चालवा. चालवणार नसाल तर हँडब्रेक सोडून, चाकाला दगड लावून, टाकी रिकामी करून ठेवा. शेडमध्ये धान्य ठेवू नका.

आणि गॅरेजमध्ये गेलात तर ‘स्टार्ट करून द्या’ म्हणू नका. ‘ब्रेक उघडा, मी इथं थांबतो’ म्हणा. काम झालं की जुने कप, जुने होज हातात मागून घ्या, बोटानं दाबून बघा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. मग मेकॅनिकनं सांगितलेली मजुरी घासाघीस न करता पूर्ण द्या.